अकरा कॅसेट, सात आठवडे: सदाशिव पेठेतल्या कॅसेटवाल्या काकांचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. काकांनी हात जोडून तशी विनंती केली आहे. मागे एका गिऱ्हाइकाने नाव-पत्ता सगळीकडे पाठवला आणि लोक लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट, बंद पडलेले रेडिओ असं काय काय घेऊन यायला लागले. एक गृहस्थ मिक्सर घेऊन जिना चढले होते म्हणे. काका फक्त ऑडिओ कॅसेट आणि जुने स्पूल डिजिटल फायलींवर उतरवून देतात. बाजारात मिळालेली सिनेमाची कॅसेट नेली तर "हे मोबाइलवर आहे, घरी जाऊन ऐका" म्हणून परत पाठवतात. ज्याला खरंच गरज आहे त्याने सदाशिव पेठेत दोन-तीन तबलेवाल्यांना, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांना विचारावं. मलाही तसंच कळलं.

माझं माहेर रास्ता पेठेतलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे ख्रिश्चनांपैकी?" मग मी आडनाव सांगते आणि समोरचा आणखी गोंधळतो, कारण पेणकर, रोहेकर, दिवेकर, तळकर अशी आमची आडनावं, सगळी कोकणातल्या गावांवरून पडलेली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा वंश तो आमचा, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आजी रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाला, शेवटपर्यंत 'मशीद' म्हणायची; जुन्या माणसांचा तोच शब्द. कॅम्पातल्या ओहेल डेव्हिडला, म्हणजे डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेल्या आणि १८६७ साली पुऱ्या झालेल्या त्या लाल विटांच्या इमारतीला, सगळं पुणं 'लाल देऊळ' म्हणतं. म्हणजे आमचा देव रास्ता पेठेत मशिदीत राहायचा आणि कॅम्पात देवळात. त्याची कधी तक्रार ऐकली नाही.

तर कॅसेट. आईच्या पश्चात कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात अकरा. काहींवर आजीच्या अक्षरात चिठ्ठी, काही कोऱ्या. मेंदीची गाणी आहेत, १९८६ साली धाकट्या आत्याच्या लग्नाच्या आदल्या रात्रीची. मलिद्याच्या विधीची एक आहे. आजोबांच्या मावसभावाने केलेलं योसेफाचं कीर्तन चार कॅसेटवर आहे. आणि एकीवर नुसतं लिहिलंय: 'लेखा दोदी, बाबा, गुरुवार.'

त्या 'गुरुवार'चा अर्थ मला आधी लागला नाही. 'लेखा दोदी' हे शुक्रवारी सूर्य मावळताना शब्बाथचं, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत करायचं गीत. सोळाव्या शतकात, आजच्या इस्राएलमधल्या सफेद नावाच्या गावच्या श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेलं. पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरं जोडली की 'श्लोमो हलेवी' असं त्यांचंच नाव निघतं. आपल्याकडे संतकवी शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' म्हणून सही करतात, यांनी ती कडव्यांच्या कडेला उभी लपवली. पण शब्बाथ सुरू झाला की यंत्राला हात लावायचा नाही. म्हणजे हे गीत जेव्हा खरोखर गायलं जातं तेव्हा टेप करताच येत नाही. शनिवारच्या, सणाच्या बहुतेक प्रार्थनांचं तेच. आमची जी गाणी सगळ्यात जास्त वेळा म्हटली गेली त्यांचंच ध्वनिमुद्रण घरात सगळ्यात कमी. आजीने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे ही कॅसेट: एका गुरुवारी आजोबांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, टेप ओट्यावर ठेवला आणि म्हणायला लावलं.

काकांच्या आधी मी दुसरीकडे गेले होते. चकचकीत दुकान, एसी, टोकन नंबर. दोन कॅसेट दिल्या, तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह हातात. घरी ऐकलं तर आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. हार्मोनियमचा भाता ऐकूच येईना. दोन गाण्यांमधली बोलणी, हसणं, "अगं ती बांगडी उचल" वगैरे सगळं कापून गाण्याला गाणं चिकटवलेलं. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, नॉइज क्लीन केलाय, फ्री आहे." फुकट मिळालेल्या गोष्टीवर भांडता येत नाही. मूळ कॅसेटमधल्या एकीचा फीत दाबून धरणारा फेल्टचा तुकडाही तिथेच कुठेतरी पडला असावा, कारण नंतर ती वाजेचना.

काकांचं दुकान म्हणजे जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरची एक खोली. जिना लाकडी, अरुंद, दोरी धरून चढायचा. वय झालेल्यांना अजिबात जमणार नाही; आत्याला मी खालीच रिक्षात बसवून ठेवली. पुण्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात याचे विनोद आपण सगळेच करतो, इथे उलटं आहे. काका दुपारीच काम करतात, कारण तेव्हा खाली रहदारी कमी आणि हेडफोनमध्ये नीट ऐकू येतं. सकाळी फक्त कॅसेट घेणं-देणं.

कॅसेट हातात घेतली की ते आधी वाजवत नाहीत. भिंगातून बघतात, बुरशी आहे का, फीत कडेला मुडपली आहे का. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या फितीवर पांढरी पावडर धरते. तशीच मशीनमध्ये घातली तर ती घाण फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागते. माझ्या अकरापैकी तीन तशा निघाल्या. त्या उघडून साफ केल्या, दोन नव्या कवचात घातल्या, आणि फेल्ट पडलेल्या कॅसेटला दुसऱ्या कॅसेटचा फेल्ट बसवून दिला. मग पूर्ण एकदा पुढे, एकदा मागे फिरवून फीत सैल केली. त्यानंतर प्ले. इथे घाईचा प्रश्नच नाही, कारण ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका बारक्या स्क्रूची आहे. डेकच्या हेडशेजारी तो असतो. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर दुसऱ्या मशीनवर वरच्या पट्टीतले आवाज दबतात. काका प्रत्येक कॅसेटला तो स्क्रू केसभर फिरवतात आणि ऐकतात. मला हेडफोन दिला आणि म्हणाले, "ताई, बांगड्या ऐका." मेंदीची कॅसेट होती. स्क्रू फिरत गेला आणि आधी नुसती खसखस वाटत होती तिच्यातून बांगड्या निघाल्या. काचेच्या, हिरव्या असणार. आमच्यातही नवरीला हिरवा चुडा असतो. कुणीतरी टाळीवर ताल धरला होता, त्या टाळीबरोबर वाजणाऱ्या.

त्या कॅसेटवर आजीने स्वतः रचलेल्या ओव्या आहेत. पहिल्या दोन देते, कारण कुटुंबाबाहेर त्या कुणी ऐकलेल्या नाहीत:

पहिली माझी ओवी, आब्राहाम बाबाला,
लेक वाचविला, बोकड दिला बदल्याला.
दुसरी माझी ओवी, नवगावच्या बंदराला,
फुटल्या गलबताच्या, देव धावला आसऱ्याला.

जात्यावरची चाल, आणि त्यात आब्राहाम. लहानपणी यात मला काही वेगळं वाटलं नव्हतं. तिसऱ्या ओवीला आजी अडखळते आणि मागून मोठी आत्या ओरडते, "आई, चाल चुकली, वर जा, वर!" मग दोघी पुन्हा सुरुवातीपासून घेतात आणि आत्या एकेक शब्द ओढून दाखवते. पहिल्या दुकानाने हे सगळं 'नॉइज' म्हणून कापलं होतं. ती चाल आज कुणाला शिकायची असेल तर त्या भांडणातूनच शिकता येते, नुसत्या गाण्यातून नाही. मी स्वतः तशीच शिकले.

आता सुराचं. कीर्तनाच्या चौथ्या कॅसेटवर सगळ्यांचे आवाज हळूहळू बारीक आणि भरभर होत जातात. मला वाटलं फीत खराब. काका म्हणाले, भरताना सेल उतरत गेले असणार. टेपरेकॉर्डर मंदावत मंदावत भरत गेला, म्हणून आता बरोबर वेगाने लावलं की आवाज चढतो. ते दुरुस्त करता येतं, पण मूळ सूर कुठला हे कळायला हवं. "पेटी कुठली होती?" त्यांनी विचारलं. पेटी आमच्याकडेच आहे, माळ्यावर. मी घरी जाऊन काळी चार दाबली आणि मोबाइलवर टेप करून पाठवली. आजीच्या घरात सगळे काळी चारलाच गायचे. काकांनी त्या स्वराशी जुळवत बाजू सरळ केली. शेवटाला गाडी पांढरी सहापर्यंत चढली होती म्हणाले. कुणी इथे जाणार असाल आणि घरात त्या वेळची पेटी असेल तर तिचा षड्ज आधीच टेप करून न्या, एक खेप वाचेल.

कीर्तनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे काकांचं काम नुसत्या मशीनपलीकडे गेलं. हिब्रू वाचता यायचं पण अर्थ कळायचा नाही, अशी आमच्यातल्या बऱ्याच लोकांची गत होती. तेव्हा मुंबईच्या बेने इस्राएल मंडळींनी १८८० साली मराठी कीर्तन सुरू केलं: हरिदासी कीर्तनाचा सगळा थाट तोच, आख्यान मात्र तनाखमधलं, म्हणजे आमच्या हिब्रू धर्मग्रंथातलं. आब्राहाम, मोशे, एलिया, योसेफ. साकी, दिंडी, आर्या ही वृत्तं, आणि पदं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत हे घरगुती समारंभांतून चालू होतं, पुढे बरीचशी घरं इस्राएलला गेली आणि कीर्तनाला बसायला माणसं उरली नाहीत.

काकांना योसेफाची गोष्ट माहीत नव्हती. ते स्वतः नारदीय कीर्तनावर वाढलेले, वडील मंदिरात झांजा धरायचे. मशीन चालू होतं, भावांनी योसेफाला वीस रुप्याला विकलं, रक्तात भिजवलेला झगा बापापुढे आणून टाकला. निवेदनाची साकी चालली होती. काकांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "आता दिंडी येणार बघा. बाप रडणार." आणि आली दिंडी! याकोबाचा विलाप. गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाने नुसत्या वृत्तावरून पुढचा प्रसंग ओळखला. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो आणि दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. नंतर त्यांनी वहीत लिहिलं: साकी, दिंडी, पद, कुठल्या मिनिटाला काय, पदाची चाल कशावरून घेतलेली वाटते. ही यादी त्यांनी मागितल्याशिवाय करून दिली. आवाजापेक्षा मला या यादीचीच जास्त किंमत वाटते. पुढे कुणी आख्यान बसवायला घेतलं तर सुरुवात तिथून करता येईल.

आणि आजोबांची कॅसेट. 'लेखा दोदी'च्या शेवटच्या कडव्याला शब्बाथला वधू म्हणून हाक मारतात, 'बोई कल्ला', ये नवरी. त्या वेळी सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात आणि वाकतात, नवरी आत येते म्हणून. काकांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "इथे एक घासल्याचा आवाज येतोय. फीत नाही ती, खोलीतला आहे. ठेवू की काढू?" मी ऐकलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. गुरुवार होता, स्वयंपाकघर होतं, समोर ओटा आणि टेप, तरी त्या ओळीला आजोबा खुर्ची मागे ढकलून उठले आणि दाराकडे वळले, कारण त्यानंतरच्या दोन ओळी लांबून ऐकू येतात. पहिल्या दुकानात ही कॅसेट दिली नव्हती, याचं मला फार बरं वाटलं.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

तीन आठवडे सांगून सात घेतले. मध्ये फोन केला की "आज लावतोय" हेच उत्तर. पावती मिळत नाही, काकांच्या वहीत आपलं नाव आणि कॅसेटची संख्या, बस. मौल्यवान गोष्ट देताना हे मला खटकलं; मी मोबाइलवर प्रत्येक कॅसेटचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवला, तुम्हीही काढा. पहिल्या खेपेला दिलेल्या फायलींना नाव काय होतं? 'ख्रिश्चन भजने १' ते 'ख्रिश्चन भजने ४'. मी हसले, मग रागावले, मग खुर्ची ओढून बसले आणि त्यांना फोनवर एक चित्र दाखवलं: १८७४ साली पुण्यात छापलेला आमचा हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी. हिब्रू आणि मराठी एकत्र, आणि चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या साडीतल्या बायका. काका चष्मा कपाळावर सारून बघत राहिले. "हे आपल्या पुण्यात छापलं?" दुसऱ्या खेपेला सगळी नावं बदललेली होती आणि कुठे 'बेने इस्राएल' लिहावं की 'बेने इस्रायल', असा त्यांचाच मला फोन आला होता.

आणखी एक: ते वेव्ह फाईल देतात, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. भारी जड. एका कॅसेटची फाईल दीड जीबी. व्हॉट्सॲपवर पाठवायला फार जड म्हणून भाच्यांनी तोंडं वाकडी केली. एमपीथ्री मागितलं तर देतात, पण आधी दहा मिनिटं ऐकवतात की हे नुसतं वाटायला, जपायला ते. मी दोन्ही घेतलं. एक प्रत हार्ड डिस्कवर घरी, एक बहिणीकडे इस्राएलमधल्या अश्दोदला. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ध्वनिसंग्रह आहे, तिथे कीर्तनाची प्रत द्यायचं बहीण म्हणते आहे. काकांची वृत्तांची यादी हिब्रूत कोण करणार, एवढंच अडलं आहे.

खर्च: कॅसेटच्या एका बाजूला ३५० रुपये, कवच बदलायचे वेगळे २००. मला सगळं मिळून आठ हजारांच्या थोडं वर गेलं. चकचकीत दुकानात निम्म्यात झालं असतं. त्यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात अश्दोदची भाची लग्नाला आली. तिला हिब्रू येतं, इंग्रजी येतं, मराठी स्वयंपाकघरापुरतं. मेंदीच्या रात्री रास्ता पेठेतल्या घरी आम्ही तेराजणी. मलिदा झाला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, पाच फळं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन. मग मी आजीची कॅसेट लावली, म्हणजे फाईल. पहिल्या ओवीला सगळ्या नुसत्या ऐकत होत्या. तिसऱ्या ओवीला आजी अडखळली, स्पीकरमधून आत्याचा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, "आई, चाल चुकली, वर जा, वर!" आणि कोपऱ्यात बसलेली तीच आत्या, आता चौऱ्याहत्तरची, तोंडात मलिदा असतानाच स्वतःबरोबर ओरडली. सगळ्या हसल्या आणि हसता हसता वर गेल्या. भाचीने ओवी हिब्रू अक्षरांत हातावर लिहून घेतली, मेंदीचा हात सोडून दुसऱ्या. उलट गंमत आहे: आमच्या घरी प्रार्थनेची पुस्तकं अशी आहेत की हिब्रू शब्द देवनागरीत छापलेले, हिब्रू न येणाऱ्या आम्हा लोकांसाठी. आता तिने मराठी हिब्रूत लिहिलं.

अकरापैकी दहा झाल्या. अकरावी अजून काकांकडेच आहे. तिची फीत मध्येच तुटली आहे आणि एक हात लांबीचा तुकडा चुरगळलाय. चिठ्ठीवर आजीचं अक्षर, 'बिरड्याचा सण', पुढे काही वाचता येत नाही. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपवास; त्या दिवशी जमिनीवर बसून विलापगीतं म्हणतात आणि उपवास बिरड्याने सोडतात. आजीने काय टेप केलं असेल, विलापगीत की वालाच्या बिरड्याची कृती, यावर आत्याची आणि माझी पैज आहे. काका म्हणाले, हवा कोरडी झाली की जोडतो, दिवाळीनंतर या.